प्रोपेन बर्नर नाही? वर्टला उकळी आणायचे इतर मार्ग

नव्याने येणारे बरेच ग्राहक आम्हाला विचारतात, "आमच्याकडे अंगण नाही, गच्ची नाही, मोठा बर्नर लावायचा कुठे? मग घरी बिअर करायचीच नाही का?" जरूर करा. वर्ट, म्हणजे मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड अर्क, ज्याची पुढे बिअर होते, तो घरातही उकळता येतो. फक्त तो बर्नर उचलून घरात आणू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना रंग, ना वास. प्रोपेन हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला की जमिनीलगत पसरून राहतो.

आधी किती लिटर करायची ते ठरवा, शेगडीचं नंतर बघू. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला सुमारे 1.9 युनिट वीज लागते. 2000 वॅटला कागदावर 56 मिनिटं. पण पातेल्याच्या अंगातून उष्णता जातेच, म्हणून सव्वा तास धरून चाला. 10 लिटरला याच्या निम्मं. पहिल्यांदाच करत असाल तर आम्ही 10 लिटरच सुचवतो, मग बहुधा नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

घरातली गॅसची शेगडी

रुंद, जाड बुडाचं पातेलं दोन बर्नरांवर आडवं बसत असेल तर उत्तम. नाहीतर वर्ट दोन पातेल्यांत वाटून उकळा आणि हॉप्सही (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) त्याच प्रमाणात वाटा. मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (वर्ट आटवून केलेला तयार पाक किंवा पूड) वापरणाऱ्यांना आणखी सोपं: निम्म्या पाण्यात उकळा, उरलेलं पाणी आधीच उकळून गार करून ठेवा आणि शेवटी मिसळा. दाट वर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो, म्हणून निम्मा एक्स्ट्रॅक्ट शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घाला.

इंडक्शन

पातेल्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर चालेल, नाहीतर इंडक्शनवर ते तापणारच नाही. वजनाकडेही लक्ष द्या. 20 लिटर वर्ट आणि पातेलं मिळून पंचवीस किलोच्या आसपास जातं, आणि प्रत्येक काच ते पेलेलच असं नाही. किती वजन चालतं ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

पाण्यात बुडणारं एलिमेंट

आमची पसंती याला, कारण उष्णता थेट वर्टमध्येच उतरते. पण एलिमेंट निवडताना वॅटइतकीच त्याची लांबीही बघा. तेवढेच वॅट लांब, वेटोळ्या नळीवर पसरले की वर्ट करपत नाही. आमच्या कार्यशाळेत एकदा एलिमेंट चालू असतानाच एक्स्ट्रॅक्ट ओतला गेला. तो तळाशी बसला आणि नळीवर काळी खरपुडी धरली. बिअरला जळकट वास लागला तो शेवटपर्यंत गेला नाही, सगळी ओतून द्यावी लागली. तेव्हापासून आमचा नियम: आधी बंद, मग ढवळून पूर्ण विरघळवणं, मग चालू. आणि एलिमेंट पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबायचंच नाही.

230 व्होल्टवर 2000 वॅट म्हणजे जवळपास 9 अँपिअर, 3000 वॅट म्हणजे 13, आणि तेही तास-दोन तास सलग. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यात आम्ही कुणालाच सूट देत नाही.

उष्णता कुठलीही असो, उकळी फुटेपर्यंत झाकण ठेवा, फुटली की काढा. झाकण तसंच राहिलं तर डायमिथाइल सल्फाइड (मॉल्टमधून येणारं उग्र वासाचं द्रव्य) वाफेबरोबर निघून जात नाही आणि बिअरला शिजलेल्या कोबीचा वास येतो, फिक्या मॉल्टच्या बिअरला तर विशेष. पातेल्याभोवती उष्णतारोधक जाड पट्टा गुंडाळला तर कमी वॅटवरही उकळी टिकते, मात्र गॅसच्या ज्योतीवर तो अजिबात नको. तासाभराच्या उकळीत दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन भिंतींवर बसतं, तेव्हा खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा.

आमच्याकडे येताना पातेल्याच्या बुडाचा व्यास, उंची आणि तुमच्या सॉकेटचे अँपिअर लिहून आणा. पातेलंच आणलंत तर आणखी बरं, लोहचुंबक आमच्याकडे आहे.