एअर रायफलच्या जिल्हा स्पर्धेत नाव बाद का होतं? सांगली-साताऱ्याच्या पालकांसाठी

गेली काही वर्षं मी जिल्ह्याच्या रायफल शूटिंग स्पर्धांत कागद तपासायच्या टेबलावर बसतो. कधी सांगलीत, कधी साताऱ्यात. माझ्या मागे रेंज असते आणि समोर रांग. त्या रांगेतली चार-पाच पोरं तरी दरवेळी रेंजचं तोंड न बघता घरी जातात. त्यांनी अजून एक शॉटही मारलेला नसतो. कुणाच्या आधारवर जन्मतारीख वेगळी असते, कुणाच्या रायफलीच्या हवेच्या सिलिंडरची मुदत संपलेली असते, कुणी नऊचा सामना म्हणून बरोबर नऊला आलेलं असतं. पहाटेच्या एसटीनं पोराला घेऊन आलेल्या बापाला ‘नाही चालत’ हे मलाच सांगावं लागतं, म्हणून हे लिहितोय.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून ही रांग लांबली आहे. पण त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून), .२२ रायफलचा. त्या रायफलीला शस्त्रपरवाना लागतो आणि परवान्याला वय २१ पूर्ण लागतं. त्याआधी क्लबच्या रायफलीवर, देखरेखीखालीच सराव करायचा. म्हणजे तुमच्या आठवीतल्या पोराची सुरुवात १० मीटर एअर रायफलनेच होणार. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

वाटा दोन आहेत, एकमेकींत मिसळू नका

पहिली वाट शाळेची. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, जिल्ह्यावरून विभागाला, तिथून राज्याला. यात पालकांनी थेट अर्ज करायचा नसतो. नोंदणी शाळा करते, सही-शिक्का मुख्याध्यापकांचा. शाळेतले क्रीडाशिक्षक ‘आपल्याकडे हा खेळ नाही’ म्हणून टाळतात, तर त्यांच्या मागं लागा. शाळेत रेंज असण्याची गरज नाही, नोंदणी असण्याची आहे.

दुसरी वाट संघटनेची. जिल्हा संघटना, मग महाराष्ट्र रायफल असोसिएशनची कॅप्टन इझिकेल राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धेसारख्या पात्रता फेऱ्या आणि शेवटी राष्ट्रीय. इथं ठरलेले पात्रता गुण मिळाले तरच पुढची पायरी मिळते, आणि वर जायचं तर नॅशनल रायफल असोसिएशनचा शूटर आयडी काढावा लागतो. हा आयडी आधारवरच्या नावानेच काढा. एनसीसीत चांगलं फायरिंग केल्याचा दाखला या दोन्ही वाटांवर चालत नाही. दरवर्षी कुणीतरी तो मोठ्या अभिमानानं टेबलावर ठेवतं आणि मला फार वाईट वाटतं.

एक खास आपल्याकडचा घोळ. महसुली विभाग म्हटलं तर सातारा आणि सांगली दोन्ही पुण्यात. क्रीडा विभाग म्हटलं तर दोन्ही कोल्हापुरात. विभागीय स्पर्धेचं पत्र नीट न वाचता पुण्याची चौकशी करत बसलेले पालक मी पाहिलेत. सरकारला हे दोन नकाशे एकत्र करायला कधी सवड मिळेल देव जाणे, तोवर पत्रावरचं ठिकाण वाचा.

जन्मतारीख: सगळ्यात जास्त नावं इथं जातात

शालेय गटाचं वय स्पर्धेच्या दिवशी मोजत नाहीत, ३१ डिसेंबरला मोजतात. २०२५-२६ च्या हंगामात सतरा वर्षांखालच्या गटात जन्म १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा हवा. आता २० डिसेंबर २००८ ला जन्मलेली मुलगी घ्या. सप्टेंबरात जिल्हा स्पर्धेच्या दिवशी ती सोळाच वर्षांची असते. वडील म्हणतात, ‘सतरा कुठं पूर्ण झालीत अजून?’ झालेली नाहीत, पण डिसेंबरअखेर होणार आहेत. बारा दिवसांच्या फरकानं ती गटाबाहेर. तिनं एकोणीसच्या गटात नाव द्यायला हवं होतं, आणि ते द्यायची मुदत गेलेली असते.

संघटनेच्या स्पर्धांतला ज्युनिअर गट आंतरराष्ट्रीय महासंघाच्या हिशेबाने जातो. ज्या वर्षात विसावा वाढदिवस येतो त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्युनिअर. २०२६ मध्ये म्हणजे २००६ किंवा नंतरचा जन्म. दोन वाटांचे हिशेब वेगळे आहेत, एकाचा दुसऱ्याला लावू नका.

दुसरी गोष्ट आधारची. गावातल्या कॅम्पमध्ये ऑपरेटरनं घाईत नुसतं वर्ष विचारलं असेल तर तारीख ०१/०१ पडलेली असते. शाळेच्या जनरल रजिस्टरला १४ ऑगस्ट, आधारला १ जानेवारी, जन्मदाखल्यावर तिसरंच काही. मागच्या हंगामात आटपाडीकडचे एक गृहस्थ पिशवीतून एकेक कागद काढत गेले. चार कागद, तीन तारखा. पोरगा बाजूला रायफलची केस छातीशी धरून उभा. मला तारीख निवडायचा अधिकार नाही हो, मला फक्त जुळते का ते बघायचंय. आणि जन्माची नोंदच उशिरा, स्पर्धेच्या तोंडावर करून आणलेला जन्मदाखला असेल तर तपासणारा आणखी बारकाईनं बघतो, कारण वय चोरण्याचे प्रकार घडलेले आहेत. जून उजाडायच्या आत तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. आधारमधली दुरुस्ती स्पर्धेच्या आठवड्यात होत नाही.

नावाचंही तेच. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, एवढं कुणी अडवत नाही. पण शाळेत ‘संग्राम’ आणि आधारला ‘संग्रामसिंह’ असेल तर अडवतात.

बाकीचे कागद साधे आहेत: बोनाफाईड, फोटो, ओळखपत्र, फी भरल्याची पावती. शेवटची तारीख म्हणजे फी पोचायची तारीख समजा. ‘अर्ज काल दिला, पैसे उद्या टाकतो’ हे चालत नाही.

ओपन साईट की पीप साईट

अर्जावरचा हा एक चौकोन चुकला की पुढचं सगळं चुकतं. ओपन साईट म्हणजे मागे खाच आणि पुढे टोक असलेली साधी रायफल, बहुतेक नवशिकी पोरं यावर शिकतात. पीप साईट म्हणजे मागच्या बारीक भोकातून बघायची, ऑलिंपिकमध्ये दिसते ती. अर्ज ओपनचा आणि केसमधून निघते पीप, असं झालं तर त्या दिवशी गट बदलून मिळत नाही. रायफल कोणाचीही वापरा, पण अर्ज भरताना ती डोळ्यासमोर ठेवा.

कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, फक्त ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ इंच. जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला माकडं हाकलायला घेतलेली मोठ्या भोकाची एअरगन घेऊन या स्पर्धेत येता येत नाही. आणि जपून, कारण बोअर .१७७ च्या वर किंवा ताकद २० ज्यूलच्या वर गेली की ती एअरगन परवान्याच्या कक्षेत येते. त्याखालची परवानामुक्त. तरीही प्रवासात बंद केस, खरेदीचं बिल आणि स्पर्धेचं पत्र जवळ असू द्या, कंडक्टर हमखास विचारतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की गावातले लोक घाबरवतात, पण परवानामुक्त एअर रायफल जमा करायची नसते. परवान्याच्या .२२ ला जमा करण्यातून राष्ट्रीय असोसिएशनच्या सदस्य खेळाडूंना सूट आहे, तेवढं पोलीस ठाण्यातून लेखी करून घ्या.

सिलिंडर आणि जॅकेट

आपल्याकडे बहुतेक पोरांच्या रायफली जुन्या घेतलेल्या असतात, कोल्हापूर-पुण्याच्या एखाद्या शूटरकडून. त्यात गैर काही नाही. पण घेताना लोक बॅरल बघतात, ट्रिगर बघतात, सिलिंडरवर कोरलेला महिना-साल कुणी बघत नाही. हवेच्या सिलिंडरला उत्पादकाची मुदत असते, जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ती बघायची जबाबदारी नियमानं खेळाडूची. एकदा कराडकडचे एक वडील माझ्यावर चिडले, ‘हवा तर भरतीये की! गळत पण नाही!’ अहो, २०० बारचा दाब त्या नळकांड्यात, आणि ती तुमच्या पोराच्या गालापासून वीतभर अंतरावर. हा एक नियम मी कुणासाठीही वाकवणार नाही. जुनी रायफल घेताना सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो मागवा. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे सौद्यातून कापून घ्या, आणि मागणी लगेच नोंदवा, कारण हा माल बाहेरून येतो.

शूटिंगच्या जाड जॅकेटचं कापड एकेरी २.५ मिलिमीटरच्या आत हवं, आणि यात वरची सूट शून्य आहे. कडकपणा यंत्रावर मोजतात, किमान ३ मिलिमीटर दबलं पाहिजे. थंडीतल्या सकाळी कॅनव्हास आखडतो, तेव्हा तपासणीआधी चोळून मऊ करून आणा. पण वाढत्या वयाच्या पोरांचं जॅकेट तिसऱ्याच कारणानं नापास होतं. नेहमी बटण लागतं त्याच्या पलीकडे ते किमान ७० मिलिमीटर ओढून आडवं येईल इतकं सैल असावं लागतं. मागच्या वर्षी मापात शिवलेलं जॅकेट यंदा छातीला तटतं, पोराला वाटतं घट्ट आहे म्हणजे चांगला आधार मिळतोय, आणि तिथंच बाद. बटणं सरकवून मिळतात. आदल्या दिवशी घरी घालून बघा.

बुटाचा तळ पुढच्या बाजूला १० मिलिमीटरपर्यंत, रायफल साडेपाच किलोपर्यंत. या मापांत फारसं कुणी अडकत नाही. अंगाला चिकटपट्ट्या लावून येऊ नका. सामना संपल्यावरही चिठ्ठी टाकून काहींची पुन्हा तपासणी होते आणि तेव्हा नापास झालं तर मारलेले गुण जातात. सकाळच्या शिक्क्यावर विसंबून मध्ये काही बदलू नका.

वेळ: ‘नऊचा सामना’ म्हणजे काय

वेळापत्रकात ‘डिटेल १, सकाळी ९’ लिहिलेलं असतं. डिटेल म्हणजे एका वेळी शूट करणारी तुकडी. नऊ ही मॅच फायरिंग सुरू व्हायची वेळ. त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि सायटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉट्सची असतात, म्हणजे पावणेनऊ. त्याच्याही आधी रायफल लेनवर, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागेवर, नेऊन मांडावी लागते, आणि त्याआधी कागद आणि किटची तपासणी. म्हणजे माझ्या टेबलासमोर साडेसातला या. उशिरा आलेल्याला वाढीव वेळ मिळत नाही. एसटी बंद पडली हे कारण खरंच असतं, पण रेंज ऑफिसरला घड्याळ थांबवता येत नाही.

६० शॉट्सच्या पूर्ण सामन्याला इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं, कागदी टार्गेटवर, म्हणजे कार्डावर ९०. यूट्यूबवर ७५ बघून आलेलं पोरगं आपल्याकडच्या कार्डाच्या रेंजवर उगीच घाई करतं. शालेय सामन्यात शॉट्स आणि वेळ वेगळी असू शकते, परिपत्रक बघा.

रेंजवर दोन चुका महाग पडतात. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बॅरलमध्ये घालायची ती भगवी दोरी, शूटिंग चालू नसताना कायम आत हवी. आणि शेजारच्याच्या कार्डावर शॉट गेला तर तुमचा तो शॉट शून्य. १० मीटरवर असं होत नाही असं वाटतं ना? मधल्या ग्लासभर पाण्यानंतर पोरं लेन नंबर विसरतात.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना थोडं

शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, काहीही चालतं, मापं बसली तर. फायरिंग लाइनपासून कार्डाच्या तोंडापर्यंत १० मीटर, फरक पाच सेंटिमीटरच्या आत. एका ठिकाणी टेप मागच्या भिंतीला लावून मोजली होती आणि कार्ड भिंतीपासून हातभर पुढे. कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, एका लेनची रुंदी किमान एक मीटर, आणि कार्डावर उजेड किमान १५०० लक्स. उजेडातच सगळे मार खातात. लग्नाच्या हॉलचे दिवे माणसांच्या डोक्यावर असतात, कार्डावर नाही. लक्स मीटरचं ॲप अंदाज देतं, खरा मीटर मिळाला तर बरं. पोलीस ठाण्याला आधी पत्र द्या, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी ‘इथं बंदुका कशाला?’ म्हणून गाडी येत नाही.

निकाल आणि तक्रार

प्राथमिक गुण लागले की गुणांवरच्या हरकतीला दहा मिनिटं असतात, लेखी आणि फीसकट. चहा पिऊन येतो म्हणून गेलात तर संपलं. कार्डावर गेज, म्हणजे भोक मोजायचं माप, लावून ठरवलेल्या शॉटवर हरकत चालत नाही. दशांश गुण नसतील तर बरोबरी आधी ‘इनर टेन’, म्हणजे अगदी मध्यावर बसलेल्या दहांच्या संख्येवर सुटते, म्हणून कार्डावरच्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याभोवती पोरं इतका जीव टाकतात.

प्रमाणपत्र मिळालं की तिथंच, मांडवात, उभ्या उभ्या वाचा. नाव, जन्मतारीख, प्रकार, क्रमांक, सही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी हे प्रमाणपत्र पुढे क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. ‘सांगली’ऐवजी ‘सातारा’ छापलंय हे आठ वर्षांनी लक्षात आलं तर तोवर आयोजक बदललेले असतात, दप्तर कुणाच्या तरी माळ्यावर असतं आणि सही करणारे निवृत्त झालेले असतात. चूक दिसली तर माझ्या टेबलावर या, त्या दिवशी कोरे फॉर्म, शिक्का आणि सही करणारे, तिन्ही हजर असतात. आणि घरी नेऊन लॅमिनेशन करू नका, पडताळणीला मूळ कागदावरची शाई बघतात.