कॅलिफोर्नियात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांचं हायस्कूल: प्रवेश मिळतो, पात्रता अडते

हायस्कूलमध्ये प्रवेश मिळणं वेगळं आणि त्या हायस्कूलच्या संघातून खेळता येणं वेगळं. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) आपल्या अनेक मराठी घरांना हा फरक नोव्हेंबरमध्ये कळतो, ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी होऊन मुलाचं नाव यादीत लागल्यावर. प्रवेश देतो शाळांचा डिस्ट्रिक्ट किंवा खासगी शाळा. खेळायची पात्रता ठरवते कॅलिफोर्निया इंटरस्कॉलॅस्टिक फेडरेशन, म्हणजे सीआयएफ. तिचे राज्यात दहा विभाग आहेत. कुपर्टिनो, सनीवेल, सॅन होजे सेंट्रल कोस्ट सेक्शनमध्ये येतात. फ्रीमॉन्ट, डब्लिन, सॅन रमोन नॉर्थ कोस्ट सेक्शनमध्ये. मुख्य नियम राज्यभर सारखे, कागद तपासणारं ऑफिस तेवढं वेगळं.

सगळ्यात मोठी मोकळीक नववीत पहिल्यांदा नाव घालताना असते. त्या वेळी मूल घराजवळच्या सरकारी शाळेत जावो, चार्टर शाळेत (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) जावो की खासगी कॅथलिक शाळेत, ज्या शाळेने रीतसर प्रवेश दिला तिथे निवासाची पात्रता आपोआप मिळते. एवढी सूट पुन्हा मिळत नाही. म्हणून शाळा बघायची ती आठवीत. बऱ्याच खासगी शाळांचे अर्ज आठवीच्या डिसेंबर-जानेवारीतच बंद होतात आणि डिस्ट्रिक्टच्या ओपन एनरोलमेंटची (आपल्या पत्त्याबाहेरची शाळा मागायच्या अर्जाची) मुदतही बहुधा हिवाळ्यातच असते. ‘एप्रिलमध्ये एएयूचा (शाळेबाहेरच्या क्लब बास्केटबॉलचा) सीझन बघू आणि मग ठरवू’ म्हणणाऱ्यांच्या हाती पत्त्यावर मिळणारी शाळा तेवढी उरते. ती वाईट असते असं नाही, पण मग दहावीत बदलायची पाळी येते आणि खरा त्रास तिथून सुरू होतो.

नववीनंतर घर न बदलता शाळा बदलली, तर मागच्या बारा महिन्यांत जो खेळ शाळेकडून खेळला त्याच खेळात अडवणूक होते. पहिल्या बदलाला ‘सिट-आउट पीरियड’, म्हणजे सामन्यांबाहेर बसायचा काळ, लागतो. बास्केटबॉलमध्ये तो डिसेंबरच्या अखेरपर्यंत चालतो, म्हणजे साधारण निम्मा हंगाम जातो. दुसऱ्यांदा बदल केला की ही सवलतही संपते आणि वर्षभर व्हर्सिटी, म्हणजे शाळेचा मुख्य संघ, बंद होतो. दहावीत एकदा आणि अकरावीत पुन्हा शाळा बदलायचा विचार असेल, तर हे आधी मुलाशी बसून बोला. कोच ही गोष्ट सांगेलच असं नाही.

यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे कुटुंबाने खरोखर घर बदलणं. सगळ्यात जास्त अर्ज इथेच परत येतात. घर बदललं म्हणजे मूल ज्यांच्याबरोबर राहत होतं ते सगळं घर हललं पाहिजे. आई मुलाला घेऊन नव्या अपार्टमेंटमध्ये आणि बाबा जुन्या घरातच, असं चालत नाही. जुनं घर सुटल्याचा पुरावा मागतात, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो. नव्या घराचं लीज आणि पीजी अँड ई या वीज कंपनीचं बिल सगळे आणतात. जुनं लीज संपल्याचं पत्र, जुनं वीजबिल बंद केल्याचा कागद, घर विकल्याचे किंवा भाड्याने दिल्याचे कागद कुणी जपून ठेवत नाही. घर सोडता त्याच आठवड्यात हे मागून घ्या. सहा महिन्यांनी जुन्या मालकाकडून पत्र मिळवणं फार जड जातं.

काका-मावशीकडे मूल ठेवायचं असेल तर जास्तच सावध राहा. पालक भारतात, मूल फ्रीमॉन्टला मावशीकडे, ही व्यवस्था आपल्यात सहज होते. ‘केअरगिव्हर ॲफिडेव्हिट’ (मूल आपण सांभाळतो असं प्रतिज्ञापत्र) भरून मावशी मुलाला शाळेत प्रवेश मिळवून देऊ शकते आणि घरच्यांना वाटतं झालं सगळं. तो कागद प्रवेशापुरता असतो. सीआयएफच्या लेखी त्याने निवास बदलल्याचं सिद्ध होत नाही, आणि नोटरीकडून करून आणलेल्या संमतीपत्रानेही नाही. डिस्ट्रिक्टच्या खिडकीवर हे सांगायची तसदी कुणी घेत नाही याची मला खरंच चीड येते, कारण ऐकून घ्यावं लागतं त्या मुलाला.

भारतातून आलेल्या मुलांसाठी दुसरा खड्डा आठ सेमिस्टरचा. नववीत पहिलं पाऊल टाकलं की सलग आठ सेमिस्टर मोजली जातात, खेळा किंवा खेळू नका. आणि ती नववी ‘कुठल्याही शाळेतली’ धरतात. समजा मुलगी जून 2024 मध्ये पुण्यात नववीत गेली, एप्रिल 2025 मध्ये नववी संपली, आणि इंग्रजी जुळावं म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये इथे पुन्हा नववीत बसवली. तिची आठ सेमिस्टर 2028 च्या उन्हाळ्यात संपतात, बारावी मात्र 2029 मध्ये. म्हणजे कॉलेजचे कोच ज्या वर्षी बघायला येतात त्या वर्षी ती शाळेकडून खेळू शकत नाही. वर्ग ठरवायला काउन्सेलरसमोर बसाल तेव्हा हे तिथल्या तिथे विचारा. एक वर्ष मागे बसवणं अभ्यासासाठी योग्य असेलही, पण त्याची किंमत माहीत असू द्या.

वयाचा नियमही असाच चुकीचा वाचला जातो. 19 वा वाढदिवस 15 जूनच्या आधी येत असेल तर पुढच्या शालेय वर्षात खेळता येत नाही. 15 जून किंवा त्यानंतर आला तर चालतं. हंगाम सुरू होताना वय किती, हा हिशोब इथे लावत नाहीत.

कोचशी बोलण्याबद्दलही सांगायला हवं. नव्या शाळेच्या कोचने, त्याच्या सहाय्यकाने किंवा शाळेशी संबंधित कुणीही प्रवेशाआधी खेळाच्या निमित्ताने मुलाला ओढलं तर ते ‘अनड्यू इन्फ्लुअन्स’, म्हणजे गैरवाजवी प्रभाव, धरतात. एएयू क्लबचा कोचच त्या शाळेचा कोच असेल तर ट्रान्सफरच्या वेळी संशय आपोआप येतो. ओळख असणं गुन्हा नाही. फॉर्मवर ती लपवणं महागात पडतं. भेट झाली असेल तर तसं लिहा, आणि शाळा बघायला जाताना ॲडमिशन ऑफिसमार्फतच जा.

बाकीचे कागद नेहमीचे: डॉक्टरांची वार्षिक तपासणी, लसीकरण, विम्याचा पुरावा, कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला होणारी इजा) आणि हृदयविकाराच्या माहितीपत्रकांवर सह्या. मागच्या सेमिस्टरमध्ये 20 क्रेडिट आणि 2.0 जीपीए (गुणांची सरासरी) हवा. भारतातली गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत घेऊन या. त्यावरून क्रेडिट बसवायला शाळेला वेळ लागतो, म्हणून जुलैतच द्या.

आणखी एक, कारण यात दर हिवाळ्यात कुणीतरी सापडतं: शाळेचा हंगाम चालू असताना बाहेरच्या संघाकडून बास्केटबॉल खेळता येत नाही. एएयू तर नाहीच, पण ओळखीच्यांनी भरवलेली शनिवार-रविवारची स्पर्धाही नाही. ‘मैत्रीचा सामना’ म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका.

खोटा पत्ता देऊ नका, नातेवाइकांचं लीज दाखवू नका. खोट्या माहितीसाठी सीआयएफच्या नियम 202 खाली 24 महिन्यांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि 2025 च्या शरदात सीआयएफच्या सदर्न सेक्शनने याच नियमाखाली फुटबॉलच्या अनेक मुलांना बाहेर बसवलं. कागद आईबापांनी भरलेले असतात, दोन वर्षं जातात मुलाची.

खरीच अडचण असेल, म्हणजे वडिलांची नोकरी गेली, घरात गंभीर आजारपण आलं, शाळेत मुलाला धोका झाला, तर ‘हार्डशिप’चा अर्ज करता येतो. अट अशी की अडचण आधी दिसण्यासारखी नव्हती, टाळता येण्यासारखी नव्हती आणि दुरुस्त करता येण्यासारखी नव्हती. कोच खेळवत नाही हे यात बसत नाही. आजारपणाची, नोकरीची, पोलिसांची जी कागदपत्रं असतील ती तारखेसह जोडा. नुसतं भावनिक पत्र वाचून निकाल बदलत नाही.

ट्रान्सफरचा अर्ज पालकांना थेट करता येत नाही. तो नव्या शाळेचा ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचा प्रमुख, भरतो आणि जुन्या शाळेला त्यावर उत्तर द्यावं लागतं. जुनी शाळा उन्हाळ्यात बंद असली की फाइल तिथेच पडून राहते. म्हणून शाळा सुटायच्या आधी दोन्हीकडच्या ॲथलेटिक डायरेक्टरना ईमेल करा. मुलाची जन्मतारीख, नववी कुठे आणि कधी सुरू झाली, मागच्या बारा महिन्यांत कोणता खेळ कुठे खेळला, हे तीन तपशील लिहा आणि पात्रतेबद्दलचं उत्तर लेखी मागा. नव्या घराच्या लीजवर सही त्या उत्तरानंतर करा.