पोर्ट, शेरी, मदेरा : बाटली घेण्याआधी एवढं वाचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"भाऊ, ते गोडवाली पोर्ट द्या." काउंटरवर हे रोज ऐकतो आणि बाटली देतोही. पण ती बाटली आणि पोर्तुगालची पोर्ट यांत नावापलीकडे फारसं काही सारखं नसतं. आपल्याकडे या नावानं खपणारी स्वस्त लाल वाइन बहुतेक वेळा गोड केलेली साधी वाइन असते. ती वाईट आहे असं नाही, आवडणाऱ्यानं खुशाल घ्यावी. फक्त शेजारची आयात बाटली कितीतरी पट महाग का, असं विचारणाऱ्यांना काउंटरवर घाईत धड सांगता येत नाही, म्हणून हा कागद छापला.

खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालातल्या डोरो नदीच्या खोऱ्यात होते. तिथली हद्द १७५६ सालीच आखली गेली आणि युरोपात बाहेरच्या कुठल्याही वाइनला हे नाव लावता येत नाही. द्राक्षाचा रस आंबायला लागला की यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल करतं. साखर साधारण निम्मी उरली असताना त्यात द्राक्षापासूनच गाळलेलं, ७७ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेलं स्पिरिट ओततात. चार भाग रसाला अंदाजे एक भाग. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि न खाल्लेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि कडकही, १९ ते २२ टक्के. अशा स्पिरिट घातलेल्या वाइनला फोर्टिफाइड वाइन म्हणतात.

मग घरीच साध्या वाइनमध्ये ब्रँडी ओतली तर? जमणार नाही. तयार वाइनमधली साखर यीस्टनं आधीच खाल्लेली असते. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ ब्रँडी उसाच्या मळीच्या स्पिरिटवर बनतात. हाती येईल ती नुसती जळजळीत वाइन.

पोर्टमध्ये पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही रूबी देतो. गडद लाल, फळाचा वास, आणि या घराण्यात सगळ्यात कमी किंमत. टॉनी लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरते, रंग उतरून तांबूस-तपकिरी होतो, चवीला सुका मेवा येतो. पुष्कळ बाटल्यांच्या लेबलवर १०, २०, ३०, ४० अशी वर्षं लिहिलेली असतात. आमच्या मते १० वर्षांच्या टॉनीत पैशाचं पुरेपूर मोल मिळतं. व्हिंटेज, म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांच्या, पोर्टच्या नादी लगेच लागू नका. ती बाटलीतच वर्षानुवर्षं मुरायला ठेवायची, तळाशी गाळ साचतो, तो वगळून हळूच ओतावी लागते. एवढी बडदास्त ठेवायला घर थंड पाहिजे आणि माणूस सोशिक.

शेरी दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची. तिच्या बहुतेक प्रकारांत स्पिरिट पडतं ते आंबणं पूर्ण झाल्यावर, म्हणून ते मुळात गोड नसतातच. गोड समजून फिनो हा प्रकार नेणारे हमखास नाराज होतात. फिनो १५ टक्क्यांच्या आसपास, फिकट, कोरडी, किंचित खारट. पिंपात तिच्यावर यीस्टची साय धरते आणि ती साय हवा लागू देत नाही. ओलोरोसो या दुसऱ्या प्रकारात अल्कोहोल जास्त, त्यात साय जगत नाही, हवेनं वाइन तपकिरी होते आणि अक्रोडासारखा वास धरते. गोडच शेरी हवी असेल तर पेद्रो हिमेनेस मागा. ती उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, काळी, काकवीसारखी दाट असते.

मदेरा हे अटलांटिक महासागरातलं पोर्तुगालचं बेट. पूर्वी तिथल्या याच नावाच्या वाइनची पिंपं जहाजातून उष्ण समुद्र ओलांडून जायची आणि तापून तापून आतली वाइन बिघडायच्या ऐवजी चांगली व्हायची. आता मुद्दाम तापवतात. स्वस्त प्रकार निदान ३ महिने ४५ ते ५० अंशांत ठेवतात, चांगली पिंपं माळ्यावर उबेत वर्षानुवर्षं. जी आधीच एवढी भाजून निघाली तिचं आपला मे महिना काय बिघडवणार? उघडल्यावरही ती महिनोन्महिने टिकते. विदर्भातल्या माणसानं एकच फोर्टिफाइड बाटली घरात ठेवायची तर आम्ही मदेराच सुचवू, पण मागणी कमी असल्यानं ती आगाऊ सांगून मागवावी लागते.

इटलीतल्या सिसिली बेटाची मार्साला हीसुद्धा फोर्टिफाइड वाइनच, पण ती बहुतेक स्वयंपाकात जाते. वरमुथ म्हणजे वनस्पती आणि मसाले घातलेली फोर्टिफाइड वाइन. सोडा आणि संत्र्याची फोड टाकून घ्या, संत्र्याला आपल्याकडे तोटा नाही.

किती घ्यायची, यावर मात्र नीट लक्ष द्या. २० टक्क्यांची ६० मिली पोर्ट म्हणजे १२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्येही जवळपास तेवढंच असतं. "वाइनच तर आहे" म्हणून पाण्याचा ग्लास भरून घेतला तर तीन पेग होऊन जातात आणि गोडीमुळे ते कळतही नाही.

"सून बाळंत झाली, पोर्ट द्या, अंगात रक्त वाढते म्हन्तेत," असं सांगून कोणी बाटली मागितली तर आम्ही देत नाही. पोर्टनं रक्त वाढत नाही. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं कुठलीच दारू घेऊ नये. अशक्तपणा असेल तर दवाखान्यात दाखवा.

सावजी मटणाबरोबर पोर्ट घेऊ नका. अल्कोहोल जास्त असलं की तिखट आणखी झोंबतं. गार फिनो तळलेल्या सांबारवडीबरोबर किंवा खारे शेंगदाणे-चिवड्याबरोबर घेऊन बघा. गोडाला नियम एकच, वाइन पदार्थापेक्षा कमी गोड नको, नाही तर ती आंबट लागते. पुरणपोळीला टॉनी चालते. संत्रा बर्फीपुढे मात्र टॉनीही फिकी पडते, तिथं पेद्रो हिमेनेसच.

बाटली टिनाच्या छताखाली, फ्रिजच्या डोक्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, अंधारात उभी ठेवा. आडवी ठेवायची ती फक्त व्हिंटेज. उघडल्यावर सगळ्याच फ्रिजमध्ये. फिनो आठवड्यात संपवा, रूबी दोन-तीन आठवड्यांत, टॉनी आणि वरमुथ महिना-दीड महिन्यात.

२१ वर्षांखालच्या कोणालाही वाइन मिळणार नाही, आणि दारू पिण्याचा परवाना सोबत असू द्या. आष्टी-कारंजाकडच्या ग्राहकांना विशेष सांगणं: वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही आहे. सीलबंद असो की बिल सोबत असो, बाटली हद्दीपलीकडे नेता येत नाही. वरुडहून तिकडे जायचं असेल तर आमच्याकडून घेऊच नका.