डिस्कॉर्ड सर्व्हरवर नव्या सदस्याला काय दिसावं: पात्रता, तयारी आणि सेटिंगची पद्धत

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सर्व्हर, म्हणजे आपल्या गटाची जागा, काढला की एक गोष्ट आपोआप ठरते. लिंकवरून जो कोणी आत येईल त्याला सगळे खुले चॅनेल (सर्व्हरमधल्या वेगवेगळ्या चॅट खोल्या) दिसतात आणि वर सरकवत गेलं तर जुने मेसेजही वाचता येतात. मोजकी ओळखीची माणसं असतील तोवर यात काही बिघडत नाही. लिंक बाहेर फिरू लागली की मात्र नव्याने आधी नियम वाचावेत, मग कोणीतरी त्याला आत घ्यावं आणि तोवर बाकी काही त्याच्या नजरेस पडू नये, अशी व्यवस्था लागते. ती डिस्कॉर्डमध्येच आहे. त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, बॉटही (आपोआप कामं करणारा प्रोग्राम) सक्तीचा नाही.

हे कोणाला करता येतं

मालकाला सगळंच करता येतं. इतरांच्या रोलमध्ये (रोल म्हणजे परवानग्या जोडलेला हुद्दा, तो सदस्याला देता येतो) ‘मॅनेज रोल्स’ आणि ‘मॅनेज चॅनेल्स’ या परवानग्या हव्यात. पडताळणीची पातळी किंवा ऑनबोर्डिंग (नव्याला विचारायचे प्रश्न) बदलायचं असेल तर ‘मॅनेज सर्व्हर’ही लागते. मालकाने मॉडरेटरांना, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, टू-फॅक्टर (पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी) सक्तीचं केलं असेल, तर ते स्वतःच्या खात्यावर चालू केल्याशिवाय या परवानग्या हातात असून उपयोगाच्या नाहीत.

यात एक मेख आहे. रोलच्या यादीत तुमचा सर्वांत वरचा रोल जिथे असेल, त्याच्या खालचेच रोल तुम्हाला देता किंवा बदलता येतात. बॉटलाही हेच लागू. ‘बॉट रोल देतच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी यादी उघडून बघतो, आणि बहुतेक वेळा बॉटचा रोल सदस्यांच्या रोलखाली अडकलेला असतो. तो ओढून वर न्यायचा, काम झालं.

सदस्याकडून काय लागतं

कागदपत्र कसलंच नाही. डिस्कॉर्डचं खातं आणि किमान 13 वर्षं वय (काही देशांत ही मर्यादा जास्त आहे). त्यापुढची अट सर्व्हरच्या पडताळणी पातळीवर ठरते. ‘लो’ असेल तर पडताळलेला ईमेल, ‘मीडियम’ला खातं 5 मिनिटांपेक्षा जुनं, ‘हाय’ला सर्व्हरवर येऊन 10 मिनिटं झालेली, आणि ‘हायेस्ट’ला पडताळलेला फोन नंबर.

ही पातळी लिहिण्याला आडकाठी करते, बघण्याला नाही. ‘हायेस्ट’ ठेवलं तरी नवा माणूस चॅनेल उघडून सगळं वाचू शकतो, त्याला फक्त मेसेज टाकता येत नाही. शिवाय एखादा रोल मिळाला की ही अट त्याच्यापुरती संपते. म्हणून पातळी वाढवली म्हणजे सर्व्हर खासगी झाला, असं समजू नका.

ओळखपत्राचा फोटो कोणी मॉडरेटर किंवा बॉट मागत असेल तर देऊ नका. मॉडरेटर असाल तर मागूही नका. चॅटच्या दारावर असल्या फोटोंचा साठा कोणाकडेच असू नये.

आधी काय ठरवायचं

सेटिंग उघडण्याआधी कागदावर चॅनेलची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: हा अनोळख्याला दिसेल, सदस्याला, की फक्त मॉडरेटरला. मग सदस्यांसाठी एक रोल तयार करा आणि आज जे सर्व्हरवर आहेत त्या सगळ्यांना तो आधी देऊन टाका. हा क्रम चुकवू नका. रोल न देता दार लावलं तर जुनी मंडळीही बाहेर पडतात, आणि मग पुढचा तासभर ‘माझे चॅनेल कुठे गेले’ याला उत्तरं देण्यात जातो.

परवानग्यांचं गणित

‘@एव्हरीवन’ नावाचा रोल प्रत्येकाकडे असतो आणि तो काढता येत नाही. नवा माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे फक्त हाच रोल असतो. त्यामुळे नव्याला काय दिसतं या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे कुठे शोधायची गरज नाही. @एव्हरीवनला जे दिसतं तेच त्याला दिसतं.

पुष्कळ जण याच्या उलट करतात. ‘नवीन’ नावाचा रोल काढतात, त्याला चॅनेलवर लाल फुली मारतात (म्हणजे परवानगी नाकारतात) आणि बॉटला तो रोल प्रत्येक आलेल्याला द्यायला सांगतात. बॉट बंद पडला की सर्व्हर उघडा. बॉट चालू असला तरी त्या माणसाला आणखी एखादा रोल मिळाला आणि त्या रोलला त्याच चॅनेलवर हिरवी खूण, म्हणजे परवानगी, असली, तर चॅनेल दिसू लागतो. कारण रोलारोलांत एकाने नाही म्हटलं आणि दुसऱ्याने हो म्हटलं, तर हो चालतं. म्हणून @एव्हरीवनचं काढून घ्यायचं आणि रोलने द्यायचं.

हिशेब असा लागतो. आधी @एव्हरीवनच्या आणि माणसाच्या सगळ्या रोलच्या सर्व्हरभरच्या परवानग्या एकत्र होतात. मग त्या चॅनेलवर @एव्हरीवनसाठी जे वेगळं ठरवलं असेल ते लागतं, त्यानंतर चॅनेलवर रोलसाठी ठरवलेलं, आणि सर्वांत शेवटी त्या एका माणसासाठी ठरवलेलं. चॅनेलच्या सेटिंगमधली राखाडी तिरकी रेघ म्हणजे ‘इथे वेगळं काही नाही, वरचंच चालू द्या’. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ ही परवानगी या सगळ्या हिशेबाच्या बाहेर आहे. ती ज्याला असेल त्याला प्रत्येक चॅनेल दिसतो, मग तो माणूस असो वा कौतुकाने आणलेला एखादा गाण्यांचा बॉट.

प्रत्यक्ष कृती

सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘रोल्स’ उघडा. @एव्हरीवनची ‘व्ह्यू चॅनेल्स’ ही परवानगी बंद करा आणि सदस्यांच्या रोलवर तीच चालू करा. मग नियमांच्या चॅनेलवर जाऊन तिथल्या परवानग्यांत @एव्हरीवनला ‘व्ह्यू चॅनेल’ आणि ‘रीड मेसेज हिस्टरी’ यांना हिरवी खूण द्या आणि ‘सेंड मेसेजेस’ला लाल फुली. मॉडरेटरांचे चॅनेल खासगी करून फक्त त्यांच्या रोलला आत घ्या. यातला मॉडरेटरांचा भाग विसरला तर घोटाळा होतो, कारण सदस्यांच्या रोलला आता सगळीकडे बघायची मुभा आहे.

चॅनेल कॅटेगरीत असतील तर कॅटेगरीवरच परवानगी लावा, तिच्याशी जुळलेले चॅनेल आपोआप ती घेतात. मात्र एखाद्या चॅनेलवर हाताने बदल केला की त्याचं जुळणं तुटतं, आणि पुढे कॅटेगरीत केलेलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही. जुन्या सर्व्हरवर गळती शोधायची तर असे सुटलेले चॅनेल आधी तपासा.

जुने मेसेज हा वेगळा विषय. ‘रीड मेसेज हिस्टरी’ बंद असेल तर चॅनेल दिसतो, पण माणसाला ॲप उघडं असताना आलेले मेसेजच वाचता येतात. ॲप बंद करून उघडलं की तेही नाहीत. टेलिग्रामच्या खासगी ग्रुपमध्ये नव्यांना जुनं दाखवायचं की नाही याचं एकच बटण असतं, इथे ते दर चॅनेलला आणि दर रोलला वेगळं ठरवता येतं. नियमांच्या चॅनेलवर ही परवानगी चुकून बंद राहिली तर नव्याला नियम दिसत नाहीत, आणि इमोजी दाबून रोल देणारा बॉट ठेवला असेल तर त्याला इमोजीही दाबता येत नाही.

ऑनबोर्डिंग आणि अर्ज

नव्या सदस्याला प्रश्न विचारून उत्तरांप्रमाणे चॅनेल आणि रोल देणारं ऑनबोर्डिंग फक्त कम्युनिटी सर्व्हरला, म्हणजे सेटिंग्जमध्ये ‘कम्युनिटी’ चालू केलेल्या सर्व्हरला, मिळतं. त्यासाठी किमान 7 डीफॉल्ट चॅनेल (प्रत्येक नव्याच्या यादीत आपोआप येणारे) लागतात आणि त्यातल्या किमान 5 मध्ये @एव्हरीवनला लिहिता आलं पाहिजे. म्हणजे वर सांगितलेली कडक बंदी आणि ऑनबोर्डिंग एकत्र नांदत नाहीत. मोठ्या, सर्वांना खुल्या सर्व्हरला ऑनबोर्डिंग योग्य आहे. पण एखाद्याने न निवडलेला खुला चॅनेल फक्त त्याच्या यादीत नसतो, ‘ब्राउझ चॅनेल्स’मध्ये जाऊन तो केव्हाही उघडता येतो. आणि उत्तर निवडून मिळणारा रोल कोणालाही मिळतो, त्याला कोणी तपासत नाही.

माणूस पारखूनच घ्यायचा असेल तर ‘अप्लाय टू जॉइन’ हा प्रकार जास्त कामाचा. इच्छुक प्रश्नांची उत्तरं भरतो, मॉडरेटर अर्ज बघतात आणि मंजूर झाल्यावरच तो आत येतो. प्रश्न थोडे आणि नेमके ठेवा, लांबलचक फॉर्म भरायला कोणी थांबत नाही.

तपासणी

रोलच्या मेनूमध्ये ‘व्ह्यू सर्व्हर ॲज रोल’ आहे, त्याने सदस्याच्या नजरेने सर्व्हर बघता येतो. अनोळख्यासाठी मात्र दुसऱ्या खात्याने लिंकवरून आत शिरून बघणं सर्वांत खात्रीचं.

तिथे एक गोष्ट लक्षात येईल. नियमांचा चॅनेल सगळ्यांना दिसत असल्याने त्याच्या उजवीकडच्या यादीत सगळ्या सदस्यांची नावं असतात. मेसेज झाकले गेले तरी माणसं झाकली गेली नाहीत. नावंही लपवायची असतील तर नव्यांसाठी वेगळा प्रवेश चॅनेल ठेवा, सदस्यांच्या रोलला तिथे ‘व्ह्यू चॅनेल’ला लाल फुली द्या, आणि नियमांचा मजकूर तिथेच टाकून मूळ नियमांच्या चॅनेलवर @एव्हरीवनच्या ‘व्ह्यू चॅनेल’ची हिरवी खूण काढून राखाडी रेघ ठेवा. सदस्यांना त्याच चॅनेलवर हिरवी खूण देणारा दुसरा रोल नसला, म्हणजे यादीत फक्त नवे आणि मॉडरेटर उरतात.