रिबोअर झालेलं इंजिन महाग की स्वस्त?

‘फियाटचं इंजिन विकणे आहे. नुकतंच फुल काम झालेलं, रिबोअर केलेलं, पिस्टन-रिंगा नवीन.’ रिबोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून थोड्या मोठ्या मापाचा करणं. जुन्या गाड्यांच्या बाजारात अशा इंजिनाचा भाव चढा असतो आणि घेणाराही तो फारशी घासाघीस न करता देतो. शेजारीच दुसरं एखादं इंजिन पडलेलं असतं. ते धूर मारतं, ऑइल खातं, आणि मालक त्याचा दर जरा ओशाळूनच सांगतो. माझं मत असं की यातलं दुसरं इंजिन पुष्कळदा जास्त मोलाचं निघतं. ते का, हे कळायला धातूची झीज समजून घ्यावी लागते.

उदाहरण फियाटचंच घेऊ. हे इंजिन दिसतं त्याहून म्हातारं आहे. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) आणि चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी, हे माप फियाटने इटलीत १९३७ साली ‘५०८ सी’ या गाडीत आणलं. पुढे तेच माप आपल्याकडच्या डुक्कर फियाटमध्ये, १९६४ च्या डिलाइटमध्ये आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनीत कायम राहिलं. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या विसावं शतक संपेपर्यंत बाहेर पडत होत्या. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्सीखाली लाखो किलोमीटर पळालेलं इंजिन आणि एखाद्या डॉक्टरांच्या बंगल्यात निवांत राहिलेलं इंजिन, दोन्ही धुऊनपुसून, रंग मारून ठेवली की सारखीच दिसतात.

फरक आत असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर पिस्टन सेकंदाला शंभर वेळा क्षणभर थांबतो आणि दिशा बदलतो. चालत्या पिस्टनखाली ऑइलचा पातळ थर टिकून राहतो, कारण पिस्टनभोवती बसवलेल्या रिंगेच्या वेगामुळेच ऑइल फटीत ओढलं जातं. वेग शून्य झाला की हा थर फाटतो. खालच्या टोकाला त्याने फारसं बिघडत नाही. वरच्या टोकाला मात्र त्याच सुमाराला पेट्रोल पेटलेलं असतं, तापमान सगळ्यात जास्त असतं आणि वायूचा दाब रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर रेटत असतो. त्यामुळे सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही, वरची रिंग जिथे थांबते तिथे तो सर्वांत जास्त झिजतो. त्याच्याही वर रिंग कधी पोचतच नाही, म्हणून तिथे मूळ मापाची एक कडा शिल्लक राहते. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडून सिलिंडरच्या भिंतीवरून नख वर सरकवलं आणि ते कडेला अडलं, की तिथे झीज आहे. नख जितकं ठसठशीत अडेल तितकी झीज जास्त.

दुसरी झीज आडवी असते. पिस्टनला क्रँकशी (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला ढकलतो तेव्हा पिस्टन क्रँकच्या काटकोनातल्या भिंतीवर दाबला जातो. त्यामुळे गोल सिलिंडर हळूहळू अंडाकृती होतो. म्हणून जाणता लेथवाला बोअर गेज वर, मध्ये आणि खाली लावतो आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात फिरवून दोन मापं घेतो. एकाच मापावर ‘बोअर ठीक आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

आता रिबोअर. घरचा पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात. वाटण पुन्हा छान होतं, पण दर वेळी दगड थोडा पातळ होतो. सिलिंडरचंही तसंच आहे. झिजलेली भिंत कापून तो पुन्हा गोल आणि सरळ करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. ओव्हरसाइज पिस्टन ठरावीक पायऱ्यांनी मिळतात. गॅरेजच्या भाषेत दहा थाऊ, वीस, तीस, चाळीस. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. शेवटच्या मापाच्या पुढे पिस्टन मिळत नाही. मग ब्लॉक (सिलिंडरांचा मूळ ठोकळा) आणखी कापून त्यात स्लीव्ह (नवी नळी) ठोकावी लागते, म्हणजे खर्चही वाढतो आणि चांगला कारागीरही शोधावा लागतो. क्रँकची गोष्ट याच्या उलट. तिथे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ग्राइंड करून बारीक करतात आणि जाड बेअरिंग घालतात. त्यालाही शेवटचं माप असतंच.

थोडक्यात, जुन्या इंजिनात तुम्ही पैसे मोजता ते उरलेल्या धातूचे. स्टँडर्ड बोअरचं (म्हणजे कधीच न कापलेलं), धूर मारणारं इंजिन अजून तीन-चार वेळा बांधता येतं. शेवटच्या मापाला रिबोअर झालेलं, आज घड्याळासारखं चालणारं इंजिन एवढं एकच आयुष्य जगणार. गाडी वर्षातून चार रविवारी बाहेर काढायची असेल तर तेवढं पुरतंही, हे मान्य. पण तो निर्णय माप माहीत असताना घ्यावा. आणि माप कळणं अवघड नाही. बहुतेक पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा ठोकलेला असतो, बेअरिंगच्या पाठीवर अंडरसाइजचा, म्हणजे क्रँक किती बारीक झाला त्याचा. ‘काम झालंय’ म्हणणाऱ्याला ‘कितीवर झालंय?’ एवढंच विचारा. खरंच काम करून घेतलेला माणूस आकडा पटकन सांगतो.

हेड उघडायला मालक तयार नसेल तर दाब मोजता येतो. सगळे प्लग काढून, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून, गरम इंजिन स्टार्टरने फिरवायचं आणि एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावायचा. फियाटसारख्या कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या पेट्रोल इंजिनात आकडा साधारण सव्वाशे ते दीडशे पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) आसपास दिसला तर बरं. पण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांमधला मेळ महत्त्वाचा. तीन सिलिंडर १३५ आणि चौथा ९० असेल, तर चारही ११५ असलेलं इंजिन मी आधी बघेन. शेजारशेजारचे दोनच कमी असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सीलचा पत्रा) फुटल्याचा संशय घ्यावा.

इथे एक गंमत आहे, आणि ती महाराष्ट्रात राहणाऱ्यांच्या कामाची आहे. सिलिंडर बाहेरची हवा दाबतो, म्हणून बाहेरचा दाब कमी असेल तर गेजवरचा आकडाही त्याच प्रमाणात उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, तो जवळपास पंधरा टक्क्यांनी कमी भरतो. मुंबईत १४० दाखवणारं इंजिन महाबळेश्वरी १२० च्या आतबाहेर दाखवेल, आणि त्यात इंजिनाचा काहीच दोष नसेल.

आकडा कमी आलाच तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. दाब चढला तर गळती रिंगांतून आहे. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे बघायचं, आणि व्हॉल्व्हचं काम बोअरच्या मानाने स्वस्तात होतं. हीच युक्ती विकणाऱ्यालाही ठाऊक असते, बरं का. संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) दाट ऑइल भरलं की धूर, आवाज आणि ऑइल प्रेशर तिन्ही काही काळ सुधारतात. डिपस्टिकवरचं ऑइल मधासारखं सावकाश ओघळत असेल तर गेजवर विश्वास ठेवू नका.

गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाला स्टार्टर लावणं कटकटीचं. तिथे लीक-डाउन चाचणी बरी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून क्रँक अडवायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या तोंडातून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. या शेवटच्या गळतीला आपले मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात.

वर्षानुवर्षं न फिरलेलं इंजिन हा वेगळाच प्रकार, कोकणात तर विशेष. चार सिलिंडरांच्या इंजिनात कुठल्याही क्षणी एक सिलिंडर हवा आत घेत असतो आणि एक धूर बाहेर टाकत असतो. म्हणजे इंजिन थांबतं तेव्हा साधारण दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडेच राहतात, एक कार्ब्युरेटरच्या बाजूला, दुसरा सायलेन्सरच्या. पावसाळ्याची दमट हवा नेमकी तिथून शिरते. म्हणूनच जाम झालेलं इंजिन उघडल्यावर दोन सिलिंडर चकचकीत आणि दोन गंजलेले, असं दृश्य पुष्कळदा दिसतं. शिवाय अशी इंजिनं थांबताना पिस्टन बहुतेक मधोमध येऊन राहतात, त्यामुळे गंजाचं कडंही भिंतीच्या मध्यावर सापडतं. वरवरचा तांबूस गंज होनिंगमध्ये (भिंत बारीक दगडाने घासताना) निघून जातो. नखाला खड्डे लागले तर रिबोअर अटळ आणि एक माप गेलंच. पिस्टन मधोमध थांबतात याचा आणखी एक पुरावा फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर) मिळतो. तिच्या रिंगचे दात ठरावीक दोन जागीच जास्त झिजलेले असतात, कारण स्टार्टर दर वेळी तिथेच येऊन धडकतो.

फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने पसरतं. चाळीस सेंटिमीटरची पट्टी ८० अंशांनी तापवली तर ॲल्युमिनियमची सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते, बिडाची जेमतेम त्याच्या निम्मी. बोल्टांनी आवळलेल्या हेडला मोकळं पसरता येत नाही, आणि घाटात एकदा पाणी उकळलं की ते वाकून बसतं. सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवला की वाकडेपणा कळतो. फेसिंग करून (पृष्ठभाग कापून) हेड सपाट होतं, पण इथेही धातूच जातो.

आता भावाकडे. आकडे फक्त हिशेबापुरते. पूर्ण काम होऊन सुरळीत चालणाऱ्या इंजिनाची किंमत १०० धरा. स्टँडर्ड बोअरचं झिजलेलं इंजिन त्या स्थितीला आणायला ५५ लागणार असतील तर त्याची आजची किंमत ४५. माप संपलेल्याला स्लीव्ह आणि क्रँक धरून ८० लागणार, म्हणजे किंमत २०. न उघडलेलं इंजिन यातलं कुठलंही असू शकतं आणि शक्यता निम्मी-निम्मी आहे, तर सरासरी साडेबत्तीस. घेणारा एवढेच देणार. पण विकणाऱ्याला आत काय आहे ते माहीत असतं! ४५ चं इंजिन तो साडेबत्तीसला कशाला सोडेल? तो घरी ठेवतो, बाजारात उरतात ती २० वाली. घेणाऱ्यांना हे कळलं की भाव आणखी उतरतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचंच उदाहरण घेऊन हे मांडलं, आणि अशा असमान माहितीच्या बाजारांवरील कामासाठी २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला दोघांसोबत मिळालं.

म्हणून झाकलेल्या इंजिनाला साडेबत्तीस देणं भोळेपणाचं, पंचवीसच्या आत राहावं. आणि चांगला माल असलेल्या मालकाने स्वतःहून हेड उघडून, बोअरची मापं लेथवाल्याच्या चिठ्ठीवर लिहून द्यावीत. गॅस्केटचा खर्च भावात कितीतरी पटींनी वसूल होतो.

धातूशी संबंध नसलेली एकच गोष्ट भावात धरावी लागते, ती म्हणजे ब्लॉकवरचा नंबर. आरसीवर इंजिन नंबर असतो आणि इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते. तेव्हा ज्या गाडीतून ते उतरलं तिचे कागद नसतील तर कितीही सुंदर बोअर असला तरी मी ते फक्त सुट्या भागांच्या भावाने घेईन. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत ही अट आहे. पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. त्यामुळे त्यातल्या एखादीचं स्वतःच्या नंबरचं, माप संपलेलं इंजिन विकायला आलं, तर त्या गाडीच्या मालकाने स्लीव्हचा खर्च सोसूनही ते घ्यावं. इतर कुणासाठी ते २० चंच.