धरणातली मोकळी जागा

गावात पाऊस उघडलेला असतो, ऊन पडलेलं असतं, आणि तरी दूधगंगा-वेदगंगेचं पाणी चढतच राहतं. निपाणी-चिक्कोडी भागाला हे नवं नाही. जत्राट-भिवशी, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड असे सखल पूल एकापाठोपाठ पाण्याखाली जातात आणि जो तो विचारू लागतो, कुठल्या धरणातून सोडलं?

प्रश्न रास्त आहे, पण त्याचं अर्धं उत्तर नदीच्या उतारात दडलेलं आहे. दूधगंगा येडूर-कल्लोळ भागात कृष्णेला मिळते. त्याआधीच नृसिंहवाडीला पंचगंगेचं पाणी कृष्णेत आलेलं असतं. कृष्णा दुथडी भरली की संगमापाशी तिची पातळी उंचावते आणि दूधगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला उतारच उरत नाही. वेग मंदावतो. तेवढंच पाणी कमी वेगानं न्यायचं तर नदीला खोल आणि रुंद व्हावंच लागतं. हाच फुगवटा. घाटावरून येणारं पाणी वाढलं नाही तरी नदीकाठच्या उसात पाणी शिरतं ते यामुळे.

आता धरणांकडे येऊ. सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक. एक लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की 8.64 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) होतं. ऑगस्ट 2019 च्या पुरात खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग चालू होता, म्हणजे दिवसाला 43 टीएमसीहून जास्त. अलमट्टीची पूर्ण क्षमता 123 टीएमसी. धरण तळापर्यंत कोरडं ठेवलं असतं तरी तो पूर त्यात तीन दिवससुद्धा मावला नसता! पूर गिळून टाकण्याची ताकद कुठल्याच धरणात नाही. शिखराचे मोजके तास पाणी अडवून धरायचं आणि शिखर थोडं बुटकं करायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. आणि त्यासाठी ऐन वेळी जागा मोकळी असावी लागते.

ती मोकळी ठेवणं फार अवघड आहे, आणि याबद्दल अधिकाऱ्यांना नुसता दोष देणं मला पटत नाही. वीज हवी तर जलाशय भरलेला हवा, कारण पाणी जितक्या उंचीवरून टर्बाइनवर पडेल तितकी प्रत्येक घनफुटामागं वीज जास्त. उसालाही भरलेलाच हवा. जुलैत जागा राखली आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर मे महिन्यात जाब विचारायला आपणच उभे राहतो. पावसाळ्यात घरात शिरणारी ही कृष्णा उन्हाळ्यात अथणी-रायबागकडे आटते, आणि मग कर्नाटकाला महाराष्ट्राकडे कोयना-वारणेचं पाणी मागावं लागतं. म्हणून कुठल्या तारखेला धरण किती भरायचं याचं वेळापत्रक आधी ठरवलेलं असतं. हवामानाचा अंदाज जितका पक्का, तितकं ते धीटपणे पाळता येतं.

दोन धरणांची तऱ्हा इथे सांगायलाच हवी. कोयनेच्या पश्चिमेकडच्या वीजगृहांतून निघालेलं पाणी वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला जातं. आपल्याकडे येतं ते पायथा वीजगृहातलं आणि सांडव्यावरचं. पंचगंगेच्या खोऱ्यातल्या राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तिथे बटण दाबायला कोणी लागत नाही. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की त्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, पातळी उतरली की मिटतो. हे दरवाजे उघडू लागले म्हणजे जागा संपली, आता जितकं येईल तितकं पुढे जाणार.

म्हणून बातमीत धरण किती टक्के भरलं एवढंच पाहून भागत नाही. आवक, विसर्ग आणि शिल्लक जागा असे तीन आकडे लागतात. समजा घटप्रभेवरच्या हिडकल धरणात 7 टीएमसी जागा आहे, आवक 60 हजार क्युसेक, विसर्ग 20 हजार. फरक 40 हजारांचा, म्हणजे रोज साधारण साडेतीन टीएमसी. दोन दिवसांत धरण भरेल आणि विसर्ग एकदम तिप्पट होईल. गोकाकच्या लोळसूर पुलाजवळ राहणाऱ्याला हा हिशेब दोन दिवस आधी कळला, तर जनावरं दिवसाउजेडी हलवता येतात.

दोन्ही राज्यांचे पाटबंधारे अधिकारी पावसाळ्यात एकमेकांना आकडे कळवतात. तेच आकडे नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर कन्नड आणि मराठीत रोज लागावेत, आणि त्याखाली कोणता पूल केव्हा बुडण्याची शक्यता आहे तेही लिहिलेलं असावं.