हीटप्रूफ कलर केलेला सायलेन्सर घरी नेताना

दुचाकीचा बेंड पाईप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणारा वाकडा पाईप) किंवा सायलेन्सर आमच्याकडे हीटप्रूफ कलरला दिला असेल, तर गाडी ताब्यात घेण्याआधी हे पत्रक जरूर वाचा. कलर सोलला म्हणून परत येणाऱ्या बहुतेक गाड्यांचं कारण एकच असतं आणि ते गाडी नेल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच घडतं.

गाडी तुमच्या हातात येते तेव्हा थर कोरडा असतो, नखाने निघत नाही, मॅट काळा छान दिसतो. तरीही तो पुरता पक्का झालेला नसतो. हा सिलिकॉन रेझिनचा रंग आहे. तो हवेने वाळतो, पण पक्का होतो उष्णतेने. आमच्या भट्टीत आम्ही तो साधारण २०० अंश सेल्सिअसला तासभर भाजतो. इंजिनाच्या हेडपाशी बेंड पाईप याहून खूप जास्त तापतो आणि तेवढी उष्णता रंगाला पहिल्यांदा मिळते ती तुमच्या गाडीवरच. त्या वेळी रेझिनमधला उरलेला भाग जळून जातो, थोडा धूर आणि वास येतो, थर जरा मऊ पडतो आणि मग कायमचा कडक होतो. कच्ची वीट कितीही वाळलेली असली तरी पाण्यात विरघळते, भाजलेली विरघळत नाही. इथेही तसंच आहे.

आणि नेमकी याच दिवसांत घाई होते. शनिवारी संध्याकाळी गाडी नेली, रविवारी पहाटे ताम्हिणी घाट. थंड पाईप घेऊन निघालेली गाडी काही मिनिटांत चांदणी चौकाच्या चढाला जोरात तापते, पुढे मुळशीच्या पावसात पुढच्या चाकाचं पाणी थेट कडक तापलेल्या बेंडवर उडतं. नाहीतर सोमवारी वॉशिंग सेंटर, तिथे प्रेशरचं पाणी आणि वर चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा. डिझेल त्या अर्धकच्च्या थरात मुरतं, पुढच्या वेळी पाईप तापला की जळतं, तपकिरी चट्टे पडतात आणि पापुद्रे सुटतात. वरून हात मारून ते दुरुस्त होत नाही. पाईप परत उतरवा, परत ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने बारीक कण मारून पत्रा साफ करणं), परत भट्टी. तुमची गाडी पुन्हा दोन दिवस अडकते.

म्हणून कृपया एवढं कराच. पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी पाईप स्वच्छ कोरड्या सुती कापडाने पुसा, बसवताना लागलेले बोटांचे तेलकट ठसे राहू देऊ नका. मोकळ्या जागेत, रेस न देता, उभ्या गाडीचं इंजिन पाच-सात मिनिटं स्लोवर चालू ठेवा आणि बंद करून पाईप हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबा. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे अजिबात करू नका, धूर कोंडतो. दुसऱ्या वेळी पंधरा मिनिटं सावकाश गल्लीबोळातून फिरवा, पुन्हा पूर्ण थंड करा. तिसऱ्या वेळी अर्धा तास, नेहमीच्या वेगाने. मधल्या थंड होण्याला फाटा देऊ नका. हे तीन वेळा होईपर्यंत पाणी नाही, पॉलिश नाही, पाइपला टेकणारी सॅडल बॅग नाही. धूर दिसला तर घाबरू नका, तिसऱ्या वेळेपर्यंत तो बंद होतो. त्यानंतरही तापलेल्या पाइपवर पाणी मारू नये आणि डिझेल तर कधीच मारू नये. वॉशिंग सेंटरवाल्यांना आधीच सांगा, ते सवयीने मारतात.

‘स्प्रेचा डबा आणून घरीच मारला तर?’ हा प्रश्न रोज येतो. रंग चांगला असेल तर डब्यातलाही टिकतो, अडतं ते खालच्या पत्र्यावर. गंजावर, जुन्या रंगावर किंवा गुळगुळीत क्रोमवर कोणताही हीटप्रूफ कलर धरत नाही. नेहमीचा प्रायमर आणि लांबी तर या उष्णतेत आधीच जळतात, म्हणून आम्ही खाली काहीच लावत नाही. पाईप गाडीवरून उतरवून ॲल्युमिनियम ऑक्साइडने उघड्या पत्र्यापर्यंत ब्लास्ट करतो, थिनरने पुसतो, हातमोजे घालूनच उचलतो आणि त्याच दिवशी दोन पातळ हात मारतो. जाड हात मारला की आतलं थिनर अडकतं आणि तापल्यावर फोड येतात. पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत ब्लास्ट केलेल्या पत्र्यावर काही तासांतच लालसर झाक चढते, त्यामुळे रात्रभर तो उघडा ठेवून चालत नाही. भट्टी रिकामी असेल त्याच दिवशी आम्ही पाईप हातात घेतो. ‘तासाभरात करून द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो ते याच कारणाने.

बीएस-६ गाडी असेल तर आम्ही ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) काढून बाजूला ठेवतो आणि पाइपची दोन्ही तोंडं बंद करूनच ब्लास्टिंग करतो. बारीक कण आत गेले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या, जाळीत अडकतात. बसवताना हेडपाशी गॅस्केट नवीनच टाकतो. जुनं परत वापरून पैसे वाचत नाहीत, फटफट आवाज आणि गळती सुरू होते.

पावडर कोटिंगबद्दल एकच सांगतो. नेहमीची पॉलिस्टर पावडर २०० अंशांच्या आसपास भाजून बसते, बेंड पाइपवर ती जळते. लेगगार्ड, कॅरियर, स्टँड यांना तीच उत्तम आणि तेही काम आमच्याकडे होतं. पाइपसोबत दिलंत तर गाडी एकदाच खोलावी लागते. पाइपला ग्लॉसी कलर मात्र मागू नका, एवढ्या उष्णतेत ती चमक टिकत नाही.

क्रोम शाबूत असेल आणि हेडपाशी नुसता निळसर-सोनेरी झाला असेल, तर कलर करू नका असंच आम्ही सांगतो. तो गंज नाही, उष्णतेचा रंग आहे, पॉलिशने बराच कमी होतो. चांगला क्रोम खरवडून काळा करायला आमचं मन धजत नाही.

बाहेरचा थर आतला गंज थांबवत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. १ लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण १ लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. रोजची फेरी कोथरूड ते डेक्कन एवढीच असेल तर सायलेन्सर नीट तापत नाही आणि पाणी आतच साचतं. सायलेन्सरच्या तळाला असलेलं बारीक भोक हे पाणी निघावं म्हणूनच असतं. गळती समजून काही जण ते वेल्डिंग करून बुजवतात आणि एखाद-दोन पावसाळ्यांत पत्रा आतून खाल्ला जातो. कलरला घेताना आम्ही ते भोक मोकळं करतो आणि पत्रा ठोकून बघतो. पत्रा पोकळ लागला तर कलरचे पैसे घालवू नका असं तुम्हाला तिथेच सांगू. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवा, निदान हायवेपर्यंत.

आतली जाळी काढलेले, फटाके वाजवणारे सायलेन्सर आम्ही घेत नाही.

वर सांगितल्याप्रमाणे तीन वेळा तापवूनही थर सोलला, तर पाईप उतरवण्यापासून बसवण्यापर्यंत सगळं काम आम्ही एकदा मोफत करून देतो. डिझेलचे चट्टे असतील तर मात्र ब्लास्टिंगचे पैसे घ्यावे लागतात. गाडी शक्यतो सकाळी, इंजिन थंड असताना आणा. कोकणात जाऊन आला असाल तर आधी पाईप गोड्या पाण्याने, थंड असतानाच धुऊन घ्या. कामासाठी मे महिना सर्वांत बरा. जून लागला की आमच्याकडे रांग असते आणि हवाही आमच्या बाजूची नसते.